अंबुअक्काचं नाक

निंबर्गा गावात आमच्या शेजारची अंबुबाई कडक भाकरी करून विकते. पापडासारखी पातळ आणि महिनाभर टिकणारी. आळंदच्या दोन खानावळी आपल्याच भाकरीवर चालतात, हे अक्का दिवसातून एकदा तरी ऐकवतेच. नवरा गेल्यावर तिनं कुणापुढं हात पसरला नाही, म्हणून तिचा तोरा मी चालवून घेते.

तिचा मुलगा महांतेश कलबुर्गीला नोकरीत आहे. दिवाळीला तो इंडक्शन घेऊन आला. जाळ नाही, भडका नाही, म्हातारपणी बरं, असं त्याचं म्हणणं. अक्काचा तवा बुडाला गोल, तो त्यावर नुसता डुगडुगला. सपाट तवा आणला, तर भाकरी भाजली पण फुगली नाही. जाळाशिवाय कुठली भाकरी, म्हणत अक्कानं ते यंत्र भातापुरतं ठेवलं.

खरी गोष्ट मला नंतर कळली. एकदा बोलत बसलो असताना गॅसच्या शेगडीवर दूध करपलं. गल्लीभर वास सुटला, मी नाकाला पदर लावला, आणि अक्का निवांत पीठ चाळत होती. कोरोनात तिचं नाक गेलं ते परत आलंच नव्हतं. मला धडकीच भरली. गॅस सुटला तर हिला कळणार कसं? महांतेशला सांगते म्हणाले, तर तिनं माझा हात घट्ट धरला.

"त्यो गॅस उचलून नेईल अंजू. मंग भाकरी बंद. पोराच्या दारात बसून खाऊ व्हय मी?"

हट्टी बाई. राग आला, पण महांतेशला सांगितलं नाही. शेवटी ठरलं, रोज सकाळी मी जाऊन वास घ्यायचा, आणि मी हो म्हटल्याशिवाय तिनं काडी ओढायची नाही. हिवाळाभर हे चाललं.

गेल्या आठवड्यात नणंदेकडं बारसं होतं म्हणून मी अफजलपूरला गेले. निघताना बजावलं, मी येईपर्यंत गॅसला हात लावू नको. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं परतले ती तडक तिच्याकडं. उंबऱ्यातच गॅसचा भपकारा आला. अक्का परातीपुढं बसलेली, पीठ मळून तयार, काडी पेटीवर ओढायच्या बेतात. मी झेप घेऊन तिचं मनगट धरलं. काडेपेटी बाहेर भिरकावली, रेग्युलेटर बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या. शेगडीजवळ नळीला चीर गेली होती.

अक्काला काहीच कळेना. मी नळीची चीर दाखवली, तेव्हा तिनं हातातली काडी मोडून टाकली. तिच्या मागं टोपलीत भाकरीची चवड होती, आदल्या दिवशी माझ्या माघारी केलेली. तिनं वळून त्या टोपलीकडं बघितलं.

"अंजू, काल बी असंच सुटलं होतं का गं?"

मी चीर गेलेली नळी ओढून काढली. "काल मी नव्हते, अक्का."