भाऊजींची सागवानी बंदूक

आमचे हे चाळीस वर्षं दारं करतायत. दारं-खिडक्यांच्या कारखान्यात सकाळी आठला जातात, सहाला परततात आणि चपला काढण्याआधी पायरीवर पाच मिनिटं नुसते बसून राहतात. भुवयांवर भुसा, गुडघे कुरकुरतायत. एकोणसाठ वर्षांच्या माणसाने मग गप जेवून आडवं व्हावं की नाही? पण नाही. गेले पाच महिने घरी आले की परत हातात रंधा.

ही करामत भाऊजींची. भाऊजी म्हणजे यांचा धाकटा भाऊ. आठवडाभर बोटींना रंग देतात आणि रविवारी श्वास रोखून समुद्रात खोल बुडी मारतात, भाल्याच्या बंदुकीने मासे मारायला. पाठीवर हवेचं नळकांडं नाही, काही नाही. मान लांब, पाय लांब, म्हणून सगळे त्यांना बगळा म्हणतात, आणि त्यांनाही ते आवडतं. मागे एकदा हा बगळा पाण्याखालीच बेशुद्ध पडला. सोबत्याने केसांना धरून वर ओढला म्हणून वाचला. बंदूक मात्र तळाला गेली. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, हृदयाचे ठोके चुकतायत, पुन्हा बुडी मारलीत तर कदाचित वर येणार नाही. भाऊजींनी शहाण्यासारखी मान डोलावली, काही महिने अंथरुणावर काढले आणि उठले ते थेट आमच्या दारात.

"दादा, नवी करून दे."

दुकानात मिळतात की ढिगाने. पण त्यांना भाऊजी पत्र्याच्या पिचकाऱ्या म्हणतात. बुडालेली बंदूक यांनीच केली होती, तिच्या आधीचीही यांचीच. "दादाच्या हातची नसेल तर मी पाण्यात पाय घालणार नाही," असं भाऊजी म्हणाले आणि हे "बरं" म्हणाले. यांनी भावाला कधी नाही म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. मला म्हणतात.

दुसऱ्याच दिवशी धाकटी जाऊ आली. चहा समोर गार झाला तरी तिने कपाला हात लावला नाही.

"ताई, ती बंदूक पुरी होऊ देऊ नका. झाली की हे जाणार. मी अडवून अडवून किती अडवू?"

मी ते यांच्या कानावर घातलं. हे म्हणाले, "बघू."

मागच्या व्हरांड्यात, वॉशिंग मशीन आणि गॅसची टाकी यांच्या मधल्या बोळात काम सुरू झालं. जुना सागवानी पलंग चिरून चार पट्ट्या काढल्या. एकीचे रेषे इकडे, दुसरीचे तिकडे, अशा उलटसुलट चिकटवायच्या, म्हणजे पाण्यात लाकूड पिळत नाही. वरून भाल्याच्या सळईसाठी सरळ खाच, मागे चाप, पुढे रबर. रबर ओढून सळईच्या दातात अडकवलं आणि चाप दाबला की सळई सुटते. महिन्याभराचं काम. यांनी पाच महिने लावले.

दर रविवारी भाऊजी येऊन स्टुलावर बसायचे. एका रविवारी गोंद वाळलेला नसायचा. पुढच्या रविवारी खाच केसभर वाकडी निघायची. भाऊजी एक डोळा मिटून खाचेतून बघायचे. मग हे ती पट्टी बाजूला टाकून दुसरी चिरायला घ्यायचे.

पण यांना ते मुद्दाम रेंगाळणं झेपेना. कारखान्यात दहा दारं जास्त केली असती तरी हे इतके दमले नसते. एकदा यांनी मुद्दाम, खरोखरच, खाच वाकडी मारली आणि त्या दिवशी ताटावरून उठून गेले.

"अहो, कोण बघतंय तिथे?" मी म्हटलं.

"मी बघतोय ना."

हळूहळू शर्ट खांद्यावरून ओघळायला लागले. बोलणं तर आधीच मोजकं, ते पार आटलं. मला भाऊजींचा राग यायचा, जावेचा यायचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. आयुष्यभर एक फट ठेवली नाही त्या माणसाने कुठल्या दारात, आणि आम्ही दोघी मिळून त्याला वाईट काम करायला लावत होतो.

एका संध्याकाळी पटाशी खाली ठेवून हे म्हणाले, "मला हे आता होत नाही गं. मी ती पुरी करतो."

मी अडवलं नाही. जावेला काय तोंड दाखवू, हे कळत नसतानाही नाही अडवलं.

आठ दिवसांत बंदूक झाली. आणि काय झाली होती! तेल पाजून पाजून लाकूड मधासारखं दिसत होतं. मोरीतल्या मोठ्या टपात सोडली तर पाण्यावर अगदी आडवी, ना तोंड वर, ना शेपूट वर. मला भरूनही आलं आणि धडकीही भरली.

रविवारी भाऊजी आले. जाऊही आली, भिंतीला टेकून उभी राहिली. खरं तर ही बंदूक पाण्याबाहेर ताणायची नसते, पण बगळ्याला धीर कुठला? दांडा छातीला लावला, दोन्ही हातांनी रबर धरून ओढलं. दातापासून चार बोटांवर आलं आणि हात थरथरायला लागले. सोडलं. पुन्हा ओढलं. तिसऱ्या खेपेला त्यांचे ओठ पांढरे पडले. यांनी भावाच्या हातांचं माप घेतलं होतं, हातात उरलेल्या ताकदीचं कोण घेणार?

भाऊजी धापा टाकत म्हणाले, "दादा, रबर जरा लांब घाल. मग येईल ओढता."

दहा मिनिटांचं काम होतं. जावेने माझा हात घट्ट धरला.

"रबर संपलं," हे म्हणाले.

"संपलं?"

"हो. होतं तेवढं सगळं घातलं."

रबराचं मोठं वेटोळं भाऊजींनी स्वतःच आणून यांच्या गुडघ्याशी असलेल्या खणात ठेवलं होतं. भाऊजींनी त्या खणाकडे बघितलं, मग भावाकडे. हे खाली मान घालून नुसतेच पॉलिश पेपर चोळत होते, घासायला हाताशी काही नसताना.

भाऊजींनी बंदूक अलगद भिंतीशी उभी केली.

"पाच महिने ऐकतोय मी तुझं, दादा. गोंद वाळला नाही, खाच वाकडी आहे. आता रबर." ते स्टुलावर बसले. "तू नको खोटं बोलूस रे. तुला जमत नाही ते. नाही जाणार मी."

"संपलंच आहे रबर," हे म्हणाले, आणि भुशाने भरलेले दोन्ही हात तोंडावर घेऊन रडायला लागले.