पट्टीखालची चिठ्ठी

चाकआत्याला राग लवकर येत नसे. आला की मुक्कामालाच येई. उस्तादावरचा राग तिच्याकडे सात वर्षं राहिला, खाऊनपिऊन धडधाकट.

उस्तादाच्या सायकलदुकानात तिने एकोणीस वर्षं चाकं बांधली. हबमध्ये आरे ओवायचे, रिमला ताणायचे, चाक फिरवून आउट, म्हणजे डुगडुग, काढायचा. मग एका मास्तरांचं पुढचं चाक उतारावर मोडलं आणि मास्तरांचं खांद्याचं हाड गेलं. उस्तादाने ते वेडंवाकडं चाक भिंतीला टांगलं. येईल त्याला दाखवू लागला, ही बाईची घाई. ती म्हणाली, हे चाक माझं नव्हे, तुमचं. त्याच दुपारी तिला दुकानाची पायरी उतरावी लागली.

पुरावा त्या भिंतीवरच होता. स्वतः बांधलेल्या प्रत्येक चाकात, रिमवरच्या रबरी पट्टीखाली, ती एक चिठ्ठी सरकवत असे. तारीख, आणि खाली ‘मी बांधलं’. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. भिंतीवरच्या चाकात चिठ्ठी नसणार, याची तिला खात्री होती.

यंदा भावाच्या मुलांना सुट्टी लागली आणि तिने सायकलसहल काढली. चार दिवस, दीडशे किलोमीटर. नऊ वर्षांची थोरली स्वतःच्या सायकलवर, सहा वर्षांचा धाकटा आत्यामागे लांब कॅरिअरवर. सहल कुठे संपणार ते तिने भावाला सांगितलं नाही. मुलांना सांगावंच लागलं, त्यांनी इतकं खोदून विचारलं.

विचारण्याला अंत नव्हता. वारा नेहमी समोरूनच का येतो. बैलाला ब्रेक कुठे असतो. उस्ताद म्हातारा आहे का. तो रडेल का. रडला तर आपण हसायचं का. थोडं हसायचं, असं आत्याने सांगून टाकलं आणि तिला पॅडल हलकं लागलं.

तिसऱ्या दिवशी थोरलीने विचारलं, “आत्या, मग तेव्हाच पट्टी उघडून का नाही दाखवलीस?”

“चढ आहे. बोलू नकोस, दम जाईल.”

चढ संपला. पुढे चांगला लांब उतार होता. आत्या उतारावरही बोलली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी ते दुकानात शिरले. चार गिऱ्हाइकं होती. आत्याला बरं वाटलं, आठ असती तर आणखी बरं वाटलं असतं. उस्ताद वाळला होता. त्याने मुलांसाठी स्टूल पुढे केलं. तिने ते पायाने बाजूला सारलं.

चिठ्ठीची गोष्ट तिने सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगितली. दुकानातलीच, तिने बांधलेली दोन जुनी चाकं उघडायला लावली. दोन्हींतून पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या निघाल्या. मग भिंतीवरचं चाक खाली आलं. आपण हातचलाखी केली असं कुणी म्हणू नये, म्हणून तिने थोरलीला पुढे केलं. पोरीने पट्टीत बोटं घातली आणि गोल फिरवत ती सोलून काढली.

रिम रिकामी होती. चिठ्ठी नव्हती.

उस्तादाने रिमवरून बोट फिरवलं. चूक माझी झाली, म्हणाला. आत्याने त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं, मोठ्याने. मग चाक परत खिळ्याला लावून घेतलं आणि खडू त्याच्या हातात दिला. चाकाखाली त्याने स्वतःचं नाव लिहिलं. तिने ते तिथेच उभं राहून वाचलं. हसलं मात्र कुणीच नाही.

परतीच्या वाटेवर आत्या शीळ घालत होती. सात-आठ किलोमीटर गेल्यावर तिच्या लक्षात आलं, मुलं काहीच विचारत नाहीयेत. पाण्यासाठी ती एका पुलाच्या कठड्याशी थांबली. थोरलीने मोजा खाली केला आणि त्यातून घामाने ओली झालेली चिठ्ठी काढून दिली.

तारीख होती. खाली ‘मी बांधलं’. अक्षर तिचंच.

“तू चार दिवस केवढी खूश होतीस,” थोरली खाली बघत म्हणाली.

आत्याने चिठ्ठीची घडी घातली, उलगडली, परत घातली. धाकटा आधी तिच्या सायकलकडे बघत होता, मग ताईच्या.

“आत्या, ही चाकंपण तूच बांधलीस ना?”

तिने दोन्ही सायकली उलट्या ठेवल्या. एकेक आरा नखाने वाजवून पाहिला. एकही सैल नव्हता. तरी तिचा हात पुन्हा पहिल्या आऱ्याशी गेला. ऊन डोक्यावर आलं. मुलं कठड्यावर पाय हलवत बसून राहिली.

शेवटी तिने सायकली सरळ केल्या आणि आपली सायकल आल्या वाटेकडे वळवली.

“उलटं का?” धाकट्याने विचारलं.

“चिठ्ठी द्यायची राहिली.”

“उस्ताद हसेल?”

“पोट धरून,” आत्या म्हणाली. “बस नीट.”