व्याही आणि सुटा ब्राउझर

आमच्या व्याह्यांइतका निरिच्छ माणूस मी मुंबईच्या उपनगरांत दुसरा पाहिला नाही, आणि त्यांच्याइतका त्रासदायकही नाही. लेकीचं लग्न ठरवायला आम्ही त्यांच्या बोरिवलीच्या घरी गेलो, तेव्हा मी आतून पार घाबरलेला होतो. मुलाकडचे काय मागतील, कार्यालय कुठलं म्हणतील, या विचारात माझा चहा गार झाला. व्याह्यांनी पत्रिका न उघडताच बाजूला ठेवली. माझ्या मेहुण्याने मानपानाचा विषय काढला, तो त्यांनी नुसता हात हलवून उडवून लावला. मग पुढे झुकून मला म्हणाले, "एक विचारायचं होतं, राग मानू नका. तुमच्याकडे कॉम्प्युटर कुठल्या सिस्टीमवर चालतो?" मी म्हणालो, भाच्याने कुठूनतरी आणून टाकली आहे, चालते. त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे कोणाला न विचारता घेतलेली," ते हळूच म्हणाले. शेजारी बसलेल्या विहीणबाईंनी 'आता नको' अशा अर्थाने बशी वाजवली. ठरत आलेलं लग्न मोडतंय की काय, असं मला क्षणभर वाटून गेलं. तसं काही झालं नाही. त्यांनी एकच विनंती केली, की लग्नाच्या गडबडीआधी एक दिवस येऊन आमच्या कॉम्प्युटरवर लिनक्स बसवून देऊ द्यावं. मुलीच्या बापाची एवढ्यावर सुटका होत असेल तर कोण नाही म्हणेल? मी हो म्हणालो. तो हो मला अजून निस्तरता आलेला नाही.

मरोळच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं खातं त्यांनी सांभाळलं आणि तिथूनच निवृत्त झाले. यंत्र म्हटलं की ते उघडता आलंच पाहिजे, ही त्यांची श्रद्धा. लिनक्स त्यांना सापडलं ते निवृत्तीनंतर. ही सिस्टीम कोणीही घ्यावी, उघडून आतली रचना बघावी, हवा तो बदल करावा आणि दुसऱ्याला द्यावी, हे कळल्यावर त्यांना जे झालं ते इतरांना या वयात गुरू भेटल्यावर होतं. त्यांनी हे तत्त्व कॉम्प्युटरपुरतं ठेवलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा त्यांना हिची चिंचगुळाची आमटी आवडली, आणि त्यांनी तिथल्या तिथे कृती मागितली. "कृती लपवणारी माणसं मला कळतच नाहीत," असंही म्हणाले. हिने कौतुकाने सांगितली. आठवड्याने त्यांचा फोन आला. त्यांनी ती आमटी घरी करून पाहिली होती, तिच्यात दोन दोष काढले होते आणि दुरुस्त केलेली आमटी ते हिला परत देऊ इच्छित होते. गूळ आधी नको, फोडणीत मेथीचे चार दाणे हवेत. ही 'हो का, हो का' म्हणत सगळं ऐकत राहिली. फोन ठेवल्यावर म्हणाली, "लेकीचे सासरे आहेत म्हणून. नाहीतर दाखवले असते मेथीचे दाणे." नंतर मात्र तिने तशी करून पाहिली आणि त्यानंतर आमच्या घरात ती आमटी तशीच होते. हे व्याह्यांना अजून सांगितलेलं नाही.

बोरिवलीहून आमच्या मुलुंडला येणं म्हणजे उपनगरात राहूनही परगावी जाणं. बसने गोरेगाववरून डोंगराला वळसा घालून ते येत, तेही महिन्यातून दोनदा तरी. आल्या आल्या पाणी पीत आणि पिशवीतून मसाल्याचा गोल स्टीलचा डबा काढत. विहीणबाईंच्या ओट्यावरून तो कधी गेला हे त्यांना कळलंही नाही म्हणतात. आतल्या वाट्यांमध्ये, जिथे मोहरी-जिरं-हळद असावी तिथे, पेनड्राइव्ह. मोहरीच्या वाटीत एका जातीचं लिनक्स, जिऱ्याच्या वाटीत दुसऱ्या. "तुमचा स्वभाव शांत आहे, तुम्हाला हे मानवेल," असं म्हणून त्यांनी हळदीच्या वाटीतलं मला दिलं होतं. त्यांचा स्वतःचा कॉम्प्युटर मात्र कायम उघडा, पोटातल्या वायरी बाहेर आणि शेजारी स्क्रू ड्रायव्हर. तो चालू अवस्थेत मी कधी पाहिला नाही.

माउस ते वापरत नसत. चित्रांवर टिचक्या मारणं हे त्यांना कोणी बोट दाखवून भाजी मागावी तसं वाटे. "तोंडाने सांगावं ना, काय हवं ते," म्हणत आणि पडद्यावर एक काळी खिडकी उघडून तिच्यात हुकूम टाइप करत. पासवर्डची वेळ आली की मला खुर्चीत बसवत आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहत. पहिल्या वेळी मी बटणं दाबली तर खिडकीत काहीच उमटेना. मी उभं आयुष्य विम्याच्या कचेरीत काढलेला माणूस, लिहिलेलं दिसतंय एवढ्याच भरवशावर जगलेला. मी म्हणालो, "कीबोर्ड गेला वाटतं." व्याही भिंतीकडे बघतच म्हणाले, "गेला नाही. दिसत नाही, पण आत जातंय. चालू ठेवा."

आणि मग तो रविवार आला. लेक आणि जावई जर्मनीत. तिथे तिला मुलगा झाला होता. हिच्या व्हिसाचं काम अडकलेलं, त्यामुळे बाळंतपणाला आमच्यापैकी कोणीच नाही. एक फोटो आला होता, पण त्यात बाळापेक्षा दुपटंच जास्त. रविवारी दुपारी चार वाजता सगळ्यांना निवांत बाळ दाखवू, असं जावयाने कळवलं. मोबाइलवर बघू म्हणालो, तर व्याही फोनवरच दुखावले. "नातू पहिल्यांदा बघायचा तो तळहातावर? तो काय किराणा मालाचं बिल आहे?" आमच्याकडे मोठा पडदा होता, त्यांनीच निवडून घ्यायला लावलेला. तेव्हा आमच्याचकडे बसायचं ठरलं.

दोघं जेवणाच्या आधीच आले. विहीणबाई नवी पैठणी नेसून आल्या होत्या. नातवाला त्यातलं काय कळणार, असं व्याही म्हणाले तेव्हा त्यांच्याही अंगावर इस्त्रीचा शर्ट होता. जेवणं झाल्यावर त्यांनी जावयाची लिंक उघडून पाहिली. पडद्यावर ओळ आली, की कॅमेरा सापडत नाही. कॅमेरा आमच्या डोळ्यांसमोर पडद्याच्या डोक्यावर बसलेला. मी तो हलवून पाहिला. व्याह्यांनी मला थांबवलं आणि बऱ्याच वेळाने निदान केलं, "तुमचा ब्राउझर डबाबंद आहे. सिस्टीमने तो सीलबंद डब्यात घालून दिलाय, त्याला बाहेरचं काही दिसत नाही. आपण सुटा आणू." इंटरनेट ज्यातून दिसतं त्या ब्राउझरलाही डबाबंद आणि सुटा अशा जाती असतात, हे मला तेव्हा कळलं. मी म्हणालो, "डब्याचं झाकण जरा उघडता नाही का येणार?" बहुधा येत असावं, कारण ते उत्तर न देता काळ्या खिडकीकडे वळले.

त्यांनी आधी जुना ब्राउझर काढून टाकला. घर सारवल्याशिवाय नवं सामान आत घेऊ नये, अशा शिस्तीत काढला. मग नवा आणायचा हुकूम दिला, भराभर ओळी सरकल्या, ते समाधानाने मागे टेकले आणि उघडून बघतात तर तोच डबाबंद पुन्हा येऊन बसलेला. सिस्टीमच्या दुकानात तेवढा एकच प्रकार होता. त्यांनी तो पुन्हा काढला. "आता थेट मूळ गोदामातून आणावा लागेल," ते म्हणाले. "गोदामाचा पत्ता आणि त्याची किल्ली सिस्टीमला द्यायची. पत्ता त्यांच्या वेबसाइटवर आहे." एवढं बोलून ते थांबले. वेबसाइट बघायला ब्राउझर हवा, आणि तो त्यांनी आत्ताच दोनदा काढला होता. मी हिचा मोबाइल आणून दिला, तर त्याला हात न लावता म्हणाले, "तुम्ही वाचा. मी टाइप करतो."

मी पत्ता वाचू लागलो. एच, टी, टी, पी, एस, दोन टिंबं, तिरकी रेघ, आणखी एक तिरकी रेघ. त्यांनी विचारलं, रेघेचं डोकं कुठल्या बाजूला. मी म्हटलं उजव्या. पत्ता मैलभर लांब होता. आम्ही त्याच्या मध्यावर असताना माझ्या हातातला फोन वाजला. लेकीचा फोन. चार वाजून गेले होते, आम्ही लिंकवर आलो नाही म्हणून तिने सरळ मोबाइलवरच लावला होता. ही स्वयंपाकघरातून आली, माझ्या हातून फोन घेतला आणि आत गेली. तिच्यामागे पैठणी सळसळत गेली.

"पाठ आहे का पुढचं?" व्याह्यांनी विचारलं. नव्हतं. माझा फोन चार्जिंगला लावला होता, तो काढून मी पुन्हा ते पान शोधलं आणि जिथे सुटलं होतं तिथून वाचायला घेतलं. आतून हिचा आवाज आला, "अगंबाई, केस बघा हो किती." विहीणबाई काहीतरी बोलू गेल्या आणि मधेच थांबल्या. इकडे पत्ता पुरा झाला, किल्ली बसली, व्याह्यांनी हुकूम दिला, आणि काळ्या खिडकीत उत्तर आलं. त्यांनी मला त्याचा अर्थ सांगितला, "दुसरं कोणीतरी आत काम करतंय. सिस्टीम स्वतःची दुरुस्ती करतेय. तिचं झालं की आपलं." मी म्हणालो, तिला थांबवा. "नाही," ते म्हणाले. "चाललेलं काम अर्धवट तोडू नये. थांबायचं." गुडघ्यांवर हात ठेवून ते खरंच थांबून राहिले.

तेवढ्यात बाळ रडलं. त्या बारीक आवाजाला मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून, भिंतीपलीकडून यायचं होतं, तरी तो आला. ही म्हणाली, "अहो, या ना लवकर, डोळे उघडलेत त्याने." मी खुर्चीतून उठलोच होतो. व्याही पडद्याकडेच बघत म्हणाले, "तुम्ही जा, व्याही. मी बघतो इथलं." हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात म्हटलं, की माझा पाय पुढे पडेना. वर्गातली सगळी मुलं खेळायला गेल्यावर फळा पुसत मागे राहिलेल्या मुलासारखे ते दिसत होते. मी परत बसलो. फार मोठं काही केलं असं नाही. लेकीच्या सासऱ्यांना एकटं टाकून गेलो असतो तर नंतर हिनेच मला ऐकवलं असतं. पण तो रडण्याचा आवाज ऐकत तिथे बसून राहणं मला जड गेलं, हे खरं. त्यांनाही गेलं असावं. त्यांचा एक पाय सारखा हलत होता.

मग एकदाची सिस्टीमची दुरुस्ती आटपली. आमच्या ओळी सरकू लागल्या, थांबल्या, आणि पांढराशुभ्र सुटा ब्राउझर पडद्यावर उघडला. मी आत ओरडून सांगितलं, फोन ठेवू नका, त्यांना लिंकवर यायला सांगा. कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागला. पहिल्यांदा आम्हीच दिसलो, दोन म्हातारे माना पुढे काढून बसलेले आणि मागे रडून नाक लाल झालेल्या दोघी. मग लेक दिसली. "बाबा, आत्ताच झोपला हो तो," ती म्हणाली. जावयाने लॅपटॉप उचलून पाळण्याजवळ नेला, आणि आमचा सबंध पडदा त्या झोपलेल्या तोंडाने भरला. भुवयांपर्यंत लोकरीची टोपी, मुठी मिटलेल्या, ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब. तो इतका मोठा दिसत होता, की आमच्या खोलीतच कोणीतरी आणून निजवला आहे असं वाटावं.

पहिले व्याहीच बोलले. "आवाज नीट येतोय का तुम्हाला? आमचं चित्र अडकत नाही ना?" लेक म्हणाली, "सगळं छान येतंय, पप्पा. तुम्ही बाळाकडे बघा ना." ते बरं म्हणाले आणि पुन्हा आवाजाचं सेटिंग वरखाली करू लागले. मग त्यांनी चष्मा काढला आणि इस्त्रीच्या शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. पुसतच राहिले. काच काही त्यांच्या मनासारखी होईना. माझ्याकडे झुकून, बायकांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू त्यांनी विचारलं, "कान कोणासारखे आहेत हो?"

कान टोपीच्या आत होते. "तुमच्यासारखे," मी म्हणालो.

"वाटलंच मला," ते म्हणाले, आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

आता तो मुलगा चार वर्षांचा झाला आहे. आमचं निम्मं मराठी त्याला कळतं आणि निम्म्यावर तो हसतो. ब्राउझर हल्ली आपणहून नवा होतो, त्याला कोणाची गरज लागत नाही. तरी व्याही दर रविवारी येतात, काळी खिडकी उघडून काही नवीन आहे का विचारतात, आणि काही नाही असं उत्तर आलं की थोडे हिरमुसतात. मग आम्ही जर्मनीला फोन लावतो. नातू धावत येतो, हातातली गाडी कॅमेऱ्याला चिकटवून दाखवतो, दोन्ही आजोबांना एकेक हाक मारतो आणि निघून जातो. त्याच्या आईबापांना घरात कामं असतात, तेही उठतात. पडद्यावर एक रिकामी खुर्ची आणि मागे खिडकीचा तुकडा उरतो. आतल्या खोलीत कुठेतरी गाडी फरशीवरून घरंगळल्याचा आवाज येत असतो. चहा होतो, कप आत जातात. "बंद करू का?" मी विचारतो.

"राहू द्या," व्याही म्हणतात.