तराफ्यावरचा आजोबा

बशीतला चहा फुंकता फुंकता नाना एकदम थांबायचे, समोरच्यावर बोट रोखायचे आणि म्हणायचे, "हाऊ इतिहास शे, भाऊ. गप्पा नहीत!"

तुमच्याही गावात असा एखादा असेल. आमच्या चोपड्यात हे होते. बसस्टँडसमोरच्या चहाच्या दुकानात त्यांची बैठक. कोणत्या आळीत आधी कोण राहायला आलं, कोणाच्या लग्नातून वऱ्हाड उपाशी परतलं, सगळं तोंडपाठ.

मला ते जुन्या महापुराची गोष्ट सांगत. एक बाळंतीण पलीकडच्या काठावर अडकली होती. "तुना आजलानी केळीना खांब बांधीसन तराफा करा, अन् तिले काढी आनं." आजला म्हणजे आजोबा. मी त्यांना पाहिलेलं नाही; माझ्याकडे त्यांचं एवढंच होतं. माझे वडील शेवटच्या आजारातही पाहुण्यांना ही गोष्ट सांगायला उठून बसत.

गेल्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी दुकानात मागच्या बाकावर होतो. नानांसमोर बियाणेवाला बसला होता. नाना म्हणाले, "तुना आजलानी केळीना खांब बांधीसन..."

तोच पूर, तीच बाळंतीण. आजोबा तेवढा बदलला होता. आणि तो गडी छाती फुगवून ऐकत होता, अगदी माझ्यासारखा.

मी पुढे गेलो. "नाना, मग माझे आजोबा?"

ते जराही गडबडले नाहीत. "तुना आजला भी चांगला माणूस व्हता."

त्या 'भी'ने माझ्या अंगाची लाही लाही झाली. मला खेळवलं ते खेळवलं, मरणाच्या दारातल्या माझ्या वडिलांनाही या माणसाने सोडलं नाही! मी बोलणं टाकलं. ते हाक मारायचे, "ये भाऊ, चहा पी ले." मी मान फिरवायचो. राग उतरला की विचारू, तराफा खरा कोणाचा, असं मनात होतं.

पावसाळ्याच्या तोंडाशी नाना गेले.

शोकसभेत बियाणेवाला उठला आणि डोळे पुसत आजोबांचा तराफा सांगू लागला. मग सोनार उठला. त्याच्याही आजोबांनी त्याच बाळंतिणीला काढलं होतं. मग एक निवृत्त मास्तर. हळूहळू सभेत कोणी कोणाकडे बघेना.

माझ्याशेजारी गावातले सगळ्यात म्हातारे आबा बसले होते. मी त्यांच्या कानाशी वाकलो. "आबा, तराफा जाऊ द्या. पूर तरी आला होता ना?"

आबांनी नानांच्या फोटोकडे बोट केलं.

"माले काय ठाऊक, भाऊ? नानाच सांगेत."