पस्सिको आत्याचा पाया

माझ्या आत्याने आयुष्यात कोथिंबिरीची एकही जुडी सोडून पाहिल्याशिवाय घेतली नाही. दर्यापूरच्या बाजारात ती भाजीवालीपुढे उकिडवी बसायची, जुडीचा दोरा सोडायची, मधल्या काड्या वेगळ्या करून वास घ्यायची आणि परत दोरा बांधून, "आतून पिवळी हाये," म्हणत दुसरी उचलायची. तिला लांबून येताना पाहिलं की माळ्याच्या बाया एकमेकींना म्हणत, "आली वं बाई, आता सारं इस्कटते." टरबूज ती ठोकून घेई, मडकं पाण्याने भरून घेई, आणि कुणाच्या लग्नाचं स्थळ आलं तर मुलाच्या घरची न्हाणी पाहून येई. माझं पहिलं स्थळ तिने न्हाणी पाहूनच मोडलं, आणि पुढे त्या घरची हकीकत कानावर आली तेव्हा मी तिचे मनातल्या मनात आभार मानले.

'पस्सिको' हे नाव तिला माझ्या वडिलांमुळे पडलं. वडील शिक्षक होते. रविवारी विहारात वंदना झाली की ते पाली शब्दांचे अर्थ समजावून सांगत. एकदा त्यांनी 'एहिपस्सिको'चा अर्थ सांगितला: ये आणि स्वतः पाहा. आत्या मागच्या रांगेत उठून उभीच राहिली. "म्हंजे पाहूनच घ्या असं खुद्द बुद्ध सांगून गेले! मंग मले कावून हासता रे?" तेव्हापासून ती पस्सिको आत्या झाली. गल्लीतल्या लेकरांना तर ते तिचं खरंच नाव वाटायचं.

नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. तीस वर्षं तिने अकोल्या-अमरावतीच्या बांधकामांवर डोक्यावरून घमेली वाहिली. माझी आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, आणि साऱ्या जगात न पाहता ती फक्त एकाच माणसाचं मानायची, ते माणूस म्हणजे मी. "हे पोरगी खोटं बोलत नाही," असं ती कुणाच्याही समोर ठणकावून सांगायची. मला त्याचा अभिमान होता. आज ते वाक्य आठवलं की मान खाली जाते.

मी अमरावतीला नोकरीला लागले त्यानंतर काही वर्षांनी नदीला पूर आला आणि आमची सखल गल्ली पाण्याखाली गेली. मातीच्या भिंती विरघळल्या. टिनाचे शेड उभे राहिले. दुसऱ्याच आठवड्यात परदेशातल्या एका बौद्ध संस्थेची माणसं ब्लँकेटं आणि तांदूळ घेऊन आली. कुठे भूकंप झाला, कुठे समुद्र गावात शिरला, की ही मंडळी तिथे पोचतात आणि नंतर घरंही बांधून देतात, असं त्यांच्याबरोबर आलेल्या नागपूरच्या दुभाषी मुलीने सांगितलं. त्यांची प्रमुख एक चष्मेवाली बाई होती. गल्लीने तिला ताई करून टाकलं. ती प्रत्येकाला दोन्ही हातांनी ब्लँकेट द्यायची, कमरेत वाकायची आणि वर त्यालाच धन्यवाद म्हणायची.

आत्याच्या मनात तिथेच पाल चुकचुकली. "देनारा कावून वाकून राह्यला?" ती मला बाजूला घेऊन म्हणाली. "वाकते त्याचं कायतरी अडलेलं असते, पोरी." तिच्या लहानपणी तिला जे काही मिळालं ते वरून, लांबून, हात लागू न देता पदरात टाकलेलं. दोन्ही हातांनी देणारं माणूस तिने पाहिलंच नव्हतं. हे मला तेव्हा सुचलं नाही. मी नुसती चिडले.

ब्लँकेटाच्या घडीत एक छोटं चित्र निघालं. पांढऱ्या वस्त्रातली एक बाई, हातात पाण्याची झारी. आत्या ते घेऊन तडक ताईपुढे गेली. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा देवीदेवता घराबाहेर ठेवल्या होत्या, आणि आत्याला वाटलं की हे लोक मागच्या दाराने देवी आत आणत आहेत. ताईने समजावलं, दुभाषी मुलीने मराठीत सांगितलं, की ही देवी नाही, जगाचं रडणं ऐकणारी बोधिसत्त्व आहे. "आयकते तं पूर कावून आला?" आत्या म्हणाली आणि चित्र परत केलं. ब्लँकेट मात्र ठेवून घेतलं, उन्हाकडे धरून वीण पाहिल्यावर. ताईने ते चित्र दोन्ही हातांनी घेतलं आणि पुन्हा वाकली. आत्याचा संशय दुप्पट झाला.

मग घरांची गोष्ट निघाली. एका ओळीत अठरा घरं, शेजाऱ्या-शेजाऱ्याची भिंत एकच. त्यामुळे अठराही जणांच्या सह्या हव्या होत्या. सतरा झाल्या. आत्या अडून बसली. "पाया किती खोल? पाह्यल्याबिगर मी सही नाही करत." अजून खोदकाम सुरू व्हायचं होतं, नकाशा संस्थेच्या इंजिनिअरकडे होता, आणि सुदामकाका, म्हणजे आमचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी, मला रोज फोन करत होते: "तुह्या आत्याले समजाव वं, तिच्यापायी सारी गल्ली उघड्यावर राहीन."

शनिवारी मी गेले. इंजिनिअरने मोबाइलवर नकाशा दाखवला. मी त्यावर नजर फिरवली, मला त्यातलं काही कळलं नाही, आणि परतीची बस गाठायची होती. आत्याने विचारलं, "तू सोता पाह्यलं? पाया खोल हाये?"

"पाहिलं," मी म्हटलं. "चांगला खोल आहे."

"तू म्हनते तं करतो," ती म्हणाली आणि सही केली. बाजूला उभे असलेले सुदामकाका आ वासून पाहत राहिले.

दोन-तीन आठवड्यांनी त्यांचाच फोन आला. पायाचे चर खोदून झाले होते आणि आत्या लोखंडी पहार, आमच्याकडची सब्बल, घेऊन एका चरात उतरून बसली होती. मी पोचले तेव्हा ती तळाशी पाय पसरून बसलेली, वर सगळी गल्ली गोळा झालेली. चर जेमतेम साडेतीन फुटांचा होता. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात फाटते आणि पावसात फुगते. तिच्यावर ठेवलेली भिंत कधी धड राहत नाही. पाया खाली मुरमापर्यंत न्यावा लागतो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. आत्याने माझ्यासमोर सब्बल तळाशी मारली. ती लोण्यात गेल्यासारखी आत गेली.

"तू नकाशात हेच पाह्यलं होतं का?" तिने विचारलं.

मी चराच्या काठावरून मागे सरकले.

"बरं," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं. ती ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं.

दुपारी ताई आली. आत्या चराच्या बाजूला बोट दाखवत "एहिपस्सिको, एहिपस्सिको!" ओरडत होती आणि ताईला ते कळत नव्हतं. "हे कशी बौद्ध वं? इतकं बी समजत नाही!" पण दुभाषी मुलीने अर्थ सांगताच ताई आपल्या पांढऱ्या बुटांसकट चरात उतरली. आत्याने तिचा हात धरून बाजूच्या भेगेत घातला. कोपरापर्यंत गेला. मग ताईने सब्बल मागितली आणि स्वतः मारली. इंजिनिअर वरून इंग्रजीत बरंच काही सांगत होता. नवा नकाशा होईपर्यंत काम थांबवायचं, एवढंच ताई म्हणाली.

त्या थांबण्याची किंमत गल्लीने मोजली. नवा नकाशा यायला वेळ लागला, तोवर मृग लागला, आणि अठरा कुटुंबांनी आणखी एक पावसाळा टिनाखाली काढला. अंथरुणं ओली, चुली ओल्या, एका शेडात साप निघाला. सुदामकाका आत्याच्या दाराशी उभे राहून म्हणाले, "तुह्या त्या सब्बलीनं आमचं वाटोळं केलं." आत्या फरशीवरचं पाणी फडक्याने टिपत होती. "शेडातलं पानी पुसता येते, सुदाम," एवढंच ती बोलली. तिची चूक नव्हती हे मला ठाऊक होतं, आणि मी वेळेवर एकदा नीट पाहिलं असतं तर तो पावसाळा वाचला असता हेही ठाऊक होतं. ते मी सुदामकाकांना सांगितलं नाही. आत्यानेही सांगितलं नाही.

मुरूम सात फुटांवर लागला. घरं पुढच्या वर्षी उभी राहिली. किल्ली देताना ताई वाकली तेव्हा आत्याने तिला सरळ विचारलं, "आता तं सांग, कावून वाकते?" दुभाषी मुलीने उत्तर सांगितलं: तुम्ही घेतलंत म्हणून आम्हाला देता आलं. आत्याने किल्ली कुलपात फिरवून पाहिली. "पटलं नाही," ती म्हणाली. "पन बाई लबाड नाही. तिले सांग, दुसऱ्या देशात जाशीन तं पहिले खड्ड्यात उतरजो." पुढे कधीतरी नागपूरच्या त्या मुलीचा फोन आला. भूकंपात पडलेल्या कुठल्याशा डोंगरी गावात ताईने पाया भरण्याआधी तिथल्या म्हाताऱ्या बायांना चरात उतरवलं होतं. आत्या म्हणाली, "तू होती का तठी? नाही ना? मंग कशावरून?" आणि फोन माझ्या हातात दिला.

माझ्याशी ती पहिल्यासारखीच वागायची, फक्त माझं न पाहता मानणं तिने बंद केलं. शनिवारी येते म्हटलं तरी मी गल्लीच्या तोंडाशी दिसेपर्यंत ती माझ्या वाटणीचा भात टाकत नसे. मी आणलेली कोथिंबीरही ती सोडून पाहू लागली. मी कधी माफी मागितली नाही, आणि तो विषय तिने कधी काढला नाही. चार वर्षं अशीच गेली.

मग तिचं पोट दुखायला लागलं. अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं. तिच्या खाटेपर्यंत चालत येताना मी 'साधी गाठ आहे, बरी होशील' हे वाक्य तयार केलं होतं. तिच्यासमोर बसले आणि ते तोंडातून निघेना.

"आत्या, यातून आता उठणं नाही," मी म्हटलं. "रिपोर्ट मी स्वतः वाचला. दोनदा."

रडायला मलाच आलं. तिने पदर माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, "घर कसं हाये?"

तिची लुगडी आणायला मी आदल्या दिवशी गेले होते. "सैपाकघराच्या खिडकीजवळ भेग पडली आहे."

"केवढी?"

"वीतभर. केसाएवढी बारीक."

"तिरपी गेली का?"

"नाही, सरळ उभी आहे."

"मंग प्लास्टरची हाये. भिंतीची नाही. घाबरू नोको." ती म्हणाली आणि डोळे मिटले.

त्या भेगेचा मी फोटो काढून आणला होता, मोबाइल हातातच होता. आत्याने तो मागितला नाही.