अरुंद झडप
मी पाथर्डीच्या शाळेत शिक्षक होतो. नगरहून रोज एसटीने जायचो. आमचा कंडक्टर दोन-तीन तिकिटं फाडली की दांडी धरून थांबायचा, श्वास घ्यायचा आणि मगच पुढच्याला "कुठं?" म्हणायचा. लोक त्याला आळशी समजत.

एकदा मी विचारलंच.

"हृदयाची झडप अरुंद झालीय, गुरुजी. गाडीचं दार अर्धंच उघडलं तर मानसं आत तुंबत्यात ना? तसं रगत मागं फुफ्फुसात तुंबतं. पुन्याला ऑपरेशन सांगितलंय. पर भ्या वाटतं."

एका संध्याकाळी नगरला परतताना करंजी घाटात बापासोबत निघालेल्या एका तरुण मुलीला भयंकर धाप लागली. बायका तिला आडवं करू लागल्या.

"निजवू नका, बसती ठेवा!" कंडक्टर ओरडला आणि ड्रायव्हरला सांगून त्याने गाडी सरळ दवाखान्याच्या दारात न्यायला लावली.

डॉक्टरांनी तोच आजार सांगितला. ऑपरेशनचं नाव ऐकून तिचा बाप नकोच म्हणू लागला.

"भिऊ नका, करून घ्या. मलाबी ह्योच आजार हाय," कंडक्टर म्हणाला.

"मंग तुमी केलं का?"



पंधरा दिवसांनी गाडीवर नवा कंडक्टर आला. मी जुन्याची चौकशी केली.

"पुन्याला गेलेत ऑपरेशनला. घाटात धाप लागलेली ती पोरगी आन तिचा बापबी त्याच गाडीनं गेले."