भोयर मॅडमचं खारं पाणी

भोयर मॅडमच्या घरी गेलं की आधी हात धुवावे लागत, कोपरापर्यंत, आणि तेही साबण न लावता. मग त्या पाहुण्याचा तळवा आपल्या नाकाशी नेत. क्रीम, अत्तर, कांदा, यातलं काहीही जाणवलं की पुन्हा बेसिनकडे पाठवणी. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनाही त्यांनी असं परत पाठवलं होतं. "आपल्या हाताला काय लागलंय ते आपल्याला कळत नाही," त्या म्हणत. "त्यांना कळतं." त्यांना म्हणजे हॉलमधल्या काचेच्या टाकीत राहणाऱ्या मंडळींना.

मॅडम आम्हाला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर कर्वेनगरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, लोकांकडे टीव्ही असतो त्या जागी, त्यांनी ही खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. लग्न केलेलं नव्हतं. भाऊ-भावजय तिकडे यवतमाळ जिल्ह्यात. मी शेजारच्याच इमारतीत राहते, विमा कंपनीत नोकरी करते. टाकीला नळाचं पाणी चालत नसे, म्हणून शुद्ध केलेल्या पाण्याचे कॅन जिना चढवून द्यायला मी जाऊ लागले आणि पुढे कॅन नसतानाही जात राहिले. मॅडमना जाऊन आता वर्ष होईल.

टाकीत मासे नव्हते. येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा तेच विचारी, मासे कुठे आहेत? मॅडम शांतपणे सांगत, "मासळी बाजारात. कापूनही देतात." सुरुवातीचे कित्येक आठवडे तर आत फक्त भोकाभोकांचे दगड, वाळू आणि निळा दिवा होता. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी, भोयरबाई दगड पाळतात, असं सगळीकडे सांगून टाकलं होतं. मॅडमना घाई नव्हती. दगडांत डोळ्यांना न दिसणारे जीव आधी रुजू द्यायचे, मग शेवाळं, मग बाकीचे, असा त्यांचा क्रम ठरलेला. शेवाळंही तऱ्हेतऱ्हेची. एक हिरव्या द्राक्षांच्या घोसासारखं, एक भांडी घासायच्या तारेसारखं गुंतलेलं, एक गडद लाल. ती पाण्यातली घाण शोषून वाढत आणि मॅडम दर रविवारी कात्री घेऊन त्यांची छाटणी करत.

प्रवाळांच्या बाबतीत मात्र त्यांनी दुकानदारांना रडकुंडीला आणलं. आपल्या समुद्रातून प्रवाळ उचलणं हा गुन्हा आहे, त्यामुळे समोरचा तुकडा कुठून आला हे कळल्याशिवाय त्या हात लावत नसत. एक दुकानदार म्हणाला, मॅडम, कुठूनही येवो, दिसायला सारखंच. "चोरीचं सोनंही सारखंच दिसतं," म्हणून मॅडम पायऱ्या उतरल्या. शेवटी विश्रांतवाडीच्या एका हौशी गृहस्थाने आपल्या टाकीत वाढवलेल्या मऊ प्रवाळांचे तुकडे दिले, शर्टाच्या बटणाएवढ्या चकत्यांवर चिकटवलेले. ते आम्ही रिक्षातून मांडीवर घेऊन आलो. वाटेत मॅडमनी रिक्षावाल्याला इतक्यांदा "हळू" म्हटलं, की त्याने मागे वळून डब्यात काय आहे ते विचारलं. "पाहुणे," मॅडम म्हणाल्या.

या मंडळींना त्यांनी जन्मभर शिकवलं होतं ते बरण्यांमधून. समुद्रातला कुठलाही प्राणी फॉर्मलिनमध्ये गेला की उकडलेल्या बटाट्याच्या रंगाचा होतो. टाकीत नळीत राहणारा एक किडा आणला होता. त्याने पहिल्यांदा आपला जांभळा पिसारा उघडला, तेव्हा मॅडम हातात पोळ्यांचं लाटणं घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "हा असा असतो होय," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "याची आकृती मी किती जणांकडून खोडून पुन्हा काढून घेतली असेल, वैशाली."

त्यानंतर त्यांनी एक खेकडा आणला. हा खेकडा दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहतो आणि शंखाच्या पाठीवर समुद्रफुलं बाळगतो. समुद्रफूल दिसतं फुलासारखं, पण असतो प्राणी, चांगला डंख मारणारा. त्याच्या भीतीने खेकड्याच्या वाटेला कोणी जात नाही आणि खेकड्याच्या जेवणातलं उष्टं समुद्रफुलाला मिळतं. पाठ्यपुस्तकात ही जोडी होतीच. दुकानदाराने बजावलं होतं, की हा टाकीत धुडगूस घालील. त्याने घातलाही. चिकटवलेली प्रवाळं उखडली, गोगलगाई खाल्ल्या. मॅडमनी प्रवाळं पुन्हा चिकटवली आणि त्याला वाढत्या अंगाला होतील असे मोठे रिकामे शंख आणून वाळूवर मांडून ठेवले.

एके दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. ये, एवढंच बोलल्या. मी गेले तेव्हा खेकडा नव्या शंखात शिरलेला होता. जुना शंख शेजारी पडला होता आणि त्यावर एक समुद्रफूल उरलं होतं. खेकडा पायांनी त्याच्या बुडाशी टकटक करत होता, दार वाजवावं तसं. हळूहळू समुद्रफुलाची पकड सुटली. खेकड्याने ते नांगीत धरून उचललं, आपल्या नव्या शंखावर ठेवलं आणि ते चिकटेपर्यंत दाबून धरलं.

मी हसून काहीतरी कौतुकाचं बोलले. मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या.

"सामान हलवायला टेम्पोही करत असेल," त्या म्हणाल्या. "असं म्हणाले होते मी."

तेव्हा मला आमच्या बॅचमधला दत्ता आठवला. कात्रजच्या पलीकडच्या गावातला, शेतकऱ्याच्या घरचा मुलगा. आमची सहल कोकणात गेली होती तेव्हा बाकीचे सगळे जेवायला गेले, आणि हा कोळ्यांनी टाकून दिलेला असाच एक खेकडा बादलीत घालून दिवसभर त्याच्यापाशी बसून राहिला. पुढे प्रात्यक्षिक परीक्षेत मॅडमनी बरणीतली ही जोडी पुढे ठेवून त्याला विचारलं. बाहेरचे परीक्षक शेजारी होते, सगळी बॅच आपापल्या टेबलाशी होती. दत्ता म्हणाला, मॅडम, ह्यो बिऱ्हाड बदलतो तवा फुलाला संगं घेऊन जातो. कोणत्या पुस्तकात आहे, मॅडमनी विचारलं. पाह्यलंय मी, तो म्हणाला. त्यावर मॅडमनी ते टेम्पोचं वाक्य टाकलं. परीक्षक हसले, बॅच हसली. दत्ता त्यापुढे कुठल्याच प्रश्नाला बोलला नाही. प्रात्यक्षिकात नापास झाला, वर्ष गेलं, आणि तो कॉलेजात परत दिसला नाही.

मॅडमनी त्याला शोधायचं ठरवलं. आमच्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चौकशी केली तर पत्ता लगेच मिळाला. कात्रजच्या बाजूला त्याचं टाइल्स आणि नळांचं भलं मोठं दुकान होतं, लोक त्याला दत्ताशेठ म्हणत. आधी फोन करूया, असं मी सुचवलं. मॅडमना ते पटलं नाही. चारचौघांत केलेल्या अपमानाची माफी फोनवर गुपचूप मागणं त्यांना भित्रेपणाचं वाटत होतं. कॉलेजला जाताना नेसत तशी कडक इस्त्रीची साडी नेसून त्या निघाल्या.

दुकानात गर्दी होती. एक बिल्डर नमुने बघत होता, कामगार खोकी उतरवत होते, कॉम्प्युटरवर दत्ताची मुलगी बिलं करत होती. दत्ताने मॅडमना लगेच ओळखलं. अंग सुटलं होतं, केस पांढरे झाले होते, पण वाकून नमस्कार केला तो अगदी पूर्वीसारखा. आत केबिनमध्ये बसा म्हणाला. मॅडम हलल्या नाहीत. तिथेच, काउंटरपाशी उभं राहून, वर्गात बोलायच्या त्या खणखणीत आवाजात त्यांनी सगळं सांगितलं. परीक्षा, बरणी, त्याचं उत्तर, आपलं वाक्य, सगळ्यांचं हसणं, नापास होणं, आणि आता घरच्या टाकीत स्वतः पाहिलेला खेकडा. "तू बरोबर होतास आणि मी चूक होते. तुझं वर्ष माझ्यामुळे गेलं. मी माफी मागायला आले आहे."

कामगार थांबले होते. बिल्डर हातातली टाइल तशीच धरून बघत होता. मुलीने कॉम्प्युटरवरून मान वर केली.

"पप्पा, तुम्ही नापास झाला होता?"

तिला काय सांगितलेलं होतं ते मला त्या एका प्रश्नावरून कळलं. आजोबा आजारी पडले, शेती बघायला कोणी नव्हतं म्हणून कॉलेज सोडावं लागलं, असं काहीसं घरात चालत आलेलं असणार. दत्ताच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो मॅडमकडे वळला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, तवाबी तुम्ही समद्यांदेखत बोलला. आन् आजबी."

त्याने चहा मागवला. आम्ही तो घेतला, त्याने घेतला नाही. रिक्षापर्यंत सोडायला आला, रिक्षावाल्याला नीट जायला सांगितलं, पुन्हा वाकून नमस्कार केला. त्याच्या त्या नमस्काराकडे बघवत नव्हतं.

परत येताना मॅडम पर्सचा बंद हातात धरून बसल्या होत्या. मग त्यांच्या तोंडून जे निघालं ते मी त्यांच्याकडून कधीच ऐकलं नव्हतं. "काय करून बसली वं मी."

आम्हा विद्यार्थ्यांना मॅडम पुण्याच्याच वाटायच्या, कारण त्यांचं मराठी आमच्यापेक्षा घोटीव होतं. त्या दिवशी रिक्षात त्यांनी सांगितलं, की पुण्यात शिकायला आल्या तेव्हा वसतिगृहातल्या मुली त्यांच्याकडून मुद्दाम "काय करून राहिली?" म्हणवून घ्यायच्या आणि हसायच्या. एका वर्षात त्यांनी ती वऱ्हाडी बोली जिभेवरून खरवडून काढली. यवतमाळला गेल्यावर आईशीसुद्धा तशा बोलेनात. "दत्ताचं उत्तर मी नीट ऐकलंच नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "तो 'ह्यो' म्हणाला तिथेच माझे कान बंद झाले. मला भीती वाटली असेल, की परीक्षकांना मीसुद्धा त्याच्यातलीच वाटेन." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "आणि आज तर मी त्याला विचारलंही नाही. माफी कुठे मागू, कशी मागू, मागू की नको. मला मोकळं व्हायचं होतं, मी होऊन आले."

त्यानंतर मॅडम बदलल्या, म्हणजे कमी बोलू लागल्या. मासे कुठे आहेत असं कोणी विचारलं तर "नाहीत" एवढंच म्हणत. शेवाळं माजली तरी रविवारची कात्री काढली जाईना. कॉलेजने माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात त्यांना बोलायला बोलावलं. तिथे त्यांनी खेकड्याची हकिकत सांगितली आणि हे आपल्या विभागातल्या एका विद्यार्थ्याने माझ्या कितीतरी आधी पाहिलं होतं, असंही सांगितलं. कोणीतरी नाव विचारलं. "त्यांची परवानगी घेतलेली नाही," म्हणून मॅडम खाली बसल्या. दत्ताचा उल्लेख त्यांनी 'ते' असा केलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

मग एका दुपारी बेल वाजली. मीच दार उघडलं. दत्ता होता, मागे त्याची मुलगी. फोन न करता आले होते. तो दारातूनच म्हणाला, "पोरीला त्यो खेकडा दावायचा हाय. बोलायला न्हाई आलो, मॅडम." मॅडम म्हणाल्या, "या." हात धुवा म्हणाल्या नाहीत, पण टाकी दिसताच दत्ता आपणहून बेसिनकडे गेला. मॅडमनी टाकीपुढे दोन स्टुलं ठेवली, सोललेल्या कोलंबीचा तुकडा आणि चिमटा शेजारी ठेवला, मला खुणेने बोलावलं आणि स्वयंपाकघरात येऊन बसल्या. दार अर्धं लोटून घेतलं.

ताटात तांदूळ घेऊन त्या निवडू लागल्या. बाहेर स्टूल ओढल्याचा आवाज आला. मग दत्ता बोलायला लागला. आधी तुटक, मग सलग. कोकणातली ती बादली, त्यात त्याने टाकलेला मोठा शंख, खेकड्याने आधी शंख कसा चाचपून पाहिला, मग बाहेर निघून उघड्या अंगाने कसा पटकन आत घुसला, आणि मग फुलासाठी कसा माघारी आला. मुलगी मधूनच काही विचारत होती. तिने खेकड्याला कोलंबी भरवली असावी, कारण ती एकदा बारीक हसली.

"पण पप्पा, हे फूल म्हणजे नक्की काय आहे?" तिने विचारलं.

"ही एक वनस्पतीच हाय," दत्ता ठामपणे म्हणाला. "पाण्यातली. ह्या शेवाळासारखीच."

मी मॅडमकडे पाहिलं. समुद्रफूल हा प्राणी आहे, हे वाक्य त्यांनी आयुष्यात जितक्यांदा उच्चारलं असेल तितक्यांदा स्वतःचं नावही उच्चारलं नसेल. त्यांचे ओठ हलले. हात ताटावर थांबला. मला वाटलं, आता उठतात.

मॅडमनी तांदळातला एक खडा उचलला, तो ओट्यावर ठेवला आणि मान खाली घालून पुढचे तांदूळ निवडायला घेतले.